समुद्राचा मोंढा कधी उघडतो

शांतम्मांनी मीठ सोडलं ते गुढीपाडव्याच्या दिवशी, आणि त्याला कारण झाले त्यांचे यजमान मलप्पा.

मलप्पांची उदगीरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, आडत होती. शेतकऱ्यानं आणलेला माल बोली लावून विकून द्यायचा, हे काम ते बेचाळीस वर्षं करत होते. आडत सुरू केली त्याच वर्षी लग्न झालं, तेव्हा त्यांनी शांतम्मांना शब्द दिला होता, "एवढा सीझन होऊ दे, तुला समुद्र दाखवतो." तेव्हापासून सीझन काही संपला नव्हता. ऑक्टोबरात सोयाबीन, जानेवारीत तूर, मार्चात हरभरा, मग लग्नसराई, मग पेरण्या. राहता राहिले आषाढ आणि श्रावण. त्या दिवसांत मोंढ्यात चिमण्यासुद्धा नाइलाजानं येतात. पण तेव्हा मलप्पा म्हणायचे, "मंदीत कुठं फिरायचं?"

तर पाडव्याला पंगत बसली होती आणि मलप्पा म्हणाले, "आमटीला मीठ कमी हाय."

शांतम्मांनी वाटी पुढं सरकवली. मग सहज विचारलं, "मीठ येतं कुठून हो?"

"किराण्यातून."

"किराण्यात कुठून येतं?"

"ट्रकानं."

"आन ट्रकात?"

"समुद्रातून की! काय जेवताना विचारायलीस?"

सकाळची पूजा आटोपलेली होती, कपाळावर भस्माच्या रेघा ताज्या होत्या. शांतम्मांनी गळ्यातल्या लिंगाच्या डबीवर, करडीवर, हात ठेवला आणि रोज भाजी काय करायची ते सांगतात त्याच आवाजात म्हणाल्या, "मग आईका. जिथून मीठ येतं ती जागा डोळ्यानं बघेपर्यंत मी मीठ खायाची न्हाई."

सून सुकन्या पोळी वाढत होती. ती बिलोलीची. लग्नाला दोन वर्षं झालेली. तिच्या माहेरी माणसं रागावली की ताटं आपटत, दारं आपटत, आणि संध्याकाळपर्यंत सगळं मिटून जाई. इथं काहीच आपटलं नाही. सुकन्याच्या लक्षात आलं, प्रकरण अवघड आहे. आणि तिला सासूबाईंचा असा अभिमान वाटला की तिनं दोन पोळ्या जास्त वाढल्या.

नेम शांतम्मांचा एकटीचा होता, पण स्वयंपाक सगळ्यांचा त्याच करत. आता मीठ चाखायचं नाही म्हटल्यावर ते अंदाजानं पडू लागलं. एके दिवशी वरण अळणी, दुसऱ्या दिवशी खारट. मलप्पांचा मुलगा मल्लिनाथ निमूट जेवायचा. मलप्पा डब्याबरोबर लोणच्याची बाटली नेऊ लागले. शेवटी चव बघायचं काम सुकन्याकडं आलं आणि घर ताळ्यावर आलं. शांतम्मा स्वतः ज्वारीची भाकरी, दूध, गूळ, बिनमिठाचं वरण एवढ्यावर राहिल्या. कुणी विषय काढला की म्हणायच्या, "मला काय तरास हाय? तुम्ही जेवा."

पहिले दोन महिने डॉक्टर खूश होते. शांतम्मांचं बी.पी. इतकं छान उतरलं की त्यांनी बाकीच्या पेशंटना त्यांचं उदाहरण दिलं. तिसऱ्या महिन्यात ते आणखी उतरलं. जुलैच्या शेवटी शांतम्मा ओट्यापाशी उभ्या उभ्या खाली बसल्या, आणि सुकन्याला म्हणाल्या, "घर फिरायलंय बग."

डॉक्टरांनी रक्त तपासलं. म्हणाले, रक्तातलं मीठ घसरलंय, आजपासून खायला सुरुवात करा.

"समुद्र बघितल्यावर," शांतम्मा म्हणाल्या.

"अहो, हे थट्टेवारी न्यायचं नाही. आणखी उतरलं तर लातूरला ॲडमिट करावं लागंल. सलाइन लावावं लागंल."

"सलाइनीत काय आस्तं?"

डॉक्टरांच्या तोंडून खरं निघून गेलं. "मीठ."

"मग न्हाई लावायचं."

डॉक्टरांनी बराच वेळ पेन फिरवलं. मग चिठ्ठीवर दोन गोळ्या लिहिल्या, आणि खाली लिहिलं: समुद्र, एकदा, आठवड्याच्या आत. सुकन्यानं ती चिठ्ठी मेडिकलवर दाखवली तेव्हा दुकानदार गोळ्या देऊन म्हणाला, "तिसरं आपल्याकडं येत न्हाई."

त्या दिवशी पहिल्यांदा मलप्पा दुपारी घरी आले. शांतम्मांच्या कॉटजवळ खुर्ची ओढून बसले, आणि मुलाला म्हणाले, "मल्ल्या, समुद्र कुठला जवळ पडतो?"

गोवा ठरला. मल्लिनाथच्या मित्रानं एका घरगुती लॉजचा नंबर दिला. समुद्राला लागून घर, चालवणाऱ्या बाईंचं नाव दामिनीताई, नवरा आणि सासरा मच्छीमार. सुकन्यानं फोन स्पीकरवर लावला.

"आत्ता येता?" दामिनीताई म्हणाल्या. "आत्ता नका येऊ गो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या. हवा अशी असते की भांडायचं असलं तरी आठवत नाही. मार्चपासून घाम. मे महिन्यात तर अंग पुसायला घेतलेल्या टॉवेललाच घाम येतो. आणि जून ते सप्टेंबर पाऊस. इथं कपडे वाळत नाहीत तेव्हा. माणसं पण वाळत नाहीत."

सुकन्यानं शांतपणे कॅलेंडरच्या मागं दोन रकाने पाडले होते, एक गोव्याचा, एक मोंढ्याचा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी तिकडं उत्तम, इकडं सोयाबीन आणि तूर. गोवा आणि उदगीर यांची पत्रिका एका महिन्यातही जुळत नव्हती. जुळत होता तो एकच महिना, दोन्हीकडं काही नसतं तो.

"मग आत्ता गर्दी न्हाई?" मलप्पांनी पुढं वाकून विचारलं.

"कुत्रं पण नाही. ऑफ सीझन."

मलप्पांच्या चेहऱ्यावर तेज आलं. "मंदीतच माल घ्यावा. निघू उद्या."

"या तर मग," दामिनीताई म्हणाल्या. "पण आधीच सांगते हां, नंतर बोल नको. दर्या बंद आहे."

पुढं वाकलेले मलप्पा मागं सरकले.

"बंद?" मलप्पा म्हणाले.

"एकतीस जुलैपर्यंत. एक ऑगस्टला उघडतो."

फोन ठेवल्यावर सुकन्यानं समजावलं. पावसाळ्यात मासे अंडी घालतात, म्हणून दोन महिने मासेमारी बंद ठेवतात. त्याला तिकडं दर्या बंद म्हणतात. पाणी कुठं जात नाही.

"आप्पा, पानी जागच्या जागीच आस्तंय हो."

"अमावास्येला मोंढा बंद आस्तोय," मलप्पा म्हणाले. "पोती जागच्या जागीच आस्तात. तवा कुणी यून शटरं बघून गेला, तर त्यानं मोंढा बघितला म्हणायचं का?"

सुकन्यानं आशेनं सासूबाईंकडं पाहिलं. शांतम्मा उशीला टेकून विचार करत होत्या.

"बराबर हाय त्यांचं," शांतम्मा म्हणाल्या. बेचाळीस वर्षांत नवऱ्याचं त्यांना पटलेलं हे दुसरं वाक्य असावं. "बंद आसताना बघून आले, तर देव म्हणंल, शांतम्मा, तू कुलूप बघून आलीस. नेम सुटायचा न्हाई."

"अव्वा, तुम्हाला चक्कर यायलीय!"

"चार दिवस तर हायत. मरत न्हाई मी चार दिवसांत."

हे वाक्य कुणालाच आवडलं नाही.

सुकन्या गच्चीवर गेली आणि तिनं दामिनीताईंना पुन्हा फोन लावला. सगळं सांगितलं. म्हणाली, "ताई, फक्त एवढंच म्हणा की उघडलाय. मी स्पीकरवर टाकते."

पलीकडं पावसाचा आवाज येत होता. "तुझी सासू मोठी बाई आहे गो," दामिनीताई म्हणाल्या. "पण मी तसं नाही म्हणणार. आमची माणसं त्याच्यावर जातात. बंद असताना उघडा म्हटलं, तर उद्या उघडेल तेव्हा तो आमच्यावर विश्वास ठेवेल काय?"

सुकन्या फोनकडं बघत उभी राहिली. दोन बायका, एक उदगीरची, एक गोव्याची, एकमेकींना कधी न भेटलेल्या, आणि मध्ये आपण. दोघींपुढंही तिचं काही चाललं नाही, आणि दोघींचंही तिला पटलं. हाच खरा वैताग होता.

एकतीसच्या पहाटे गाडी निघाली. मल्लिनाथ चालवत होता, शेजारी मलप्पा, मागं सुकन्याच्या मांडीवर डोकं ठेवून शांतम्मा. सोलापूर गेलं, विजापूर गेलं. बेळगावाच्या पुढं पाऊस लागला. आपल्याकडं पाऊस येतो तेव्हा माणसं बघायला बाहेर येतात. इथं पाऊसच माणसं बघायला आल्यासारखा काचेला तोंड लावून बसला होता. घाटात ढग रस्त्यावर उतरले होते. झाडं इतकी हिरवी, की मलप्पांनी काच खाली करून खात्री केली. दरडीवरून पाण्याच्या धारा पडत होत्या. एक, दुसरी, सातवी. बारावीनंतर मलप्पांनी मोजणं सोडलं.

"हे कुणी वापरत न्हाई का?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"पानी."

"न्हाई आप्पा. वाहून जातं."

घाट संपता संपता मलप्पांनी काच वर घेतली. मग म्हणाले, "ह्याला म्हणतात श्रीमंत घराणं."

संध्याकाळी एक भलामोठा पूल लागला. खाली या टोकापासून त्या टोकापर्यंत पाणीच पाणी. मलप्पा ओरडले, "शांते, डोळे झाक! बंद हाय!" शांतम्मांनी पदर तोंडावर घेतला. मल्लिनाथनं पुलावरच सांगितलं की ही नदी आहे. "नदी?" मलप्पा म्हणाले. बिचाऱ्यांनी आजवर कोरड्या पात्रात बैलं बांधलेली नदी पाहिलेली. तरी त्यांनी पदर काही काढू दिला नाही. म्हणाले, नदीच एवढी असेल तर समुद्राचं आपल्याला ओळखू येईल याचा भरवसा नाही.

दामिनीताईंचं घर समुद्राकडं तोंड करून उभं होतं, आणि गाडीपासून दारापर्यंत चाळीस पावलं होती. त्या दारात छत्री घेऊन उभ्या होत्या. त्यांना काय दिसलं, तर धो धो पावसात एक सासरे आणि एक मुलगा चादरीची दोन टोकं धरून आडवे चालताहेत, चादरीच्या या बाजूला एक बाई सुनेच्या आधारानं पाऊल टाकतेय, आणि त्या बाजूला अरबी समुद्र आहे. लग्नात अंतरपाट धरतात तसंच. फक्त इथं नवरदेव जरा जास्तच आवाज करत होता.

दामिनीताई हसल्या नाहीत. त्यांनी समुद्राकडची खिडकी लावून घेतली आणि म्हणाल्या, "उद्या उघडू."

सकाळी सुकन्या सासूबाईंना उठवायला गेली. शांतम्मा उठून बसल्या, पाय खाली सोडले आणि भिंतीला धरून तशाच राहिल्या. ओठ पांढरे पडले होते. "आली का तारीख?" त्यांनी विचारलं. आवाज लांबून यावा तसा.

"आली, अव्वा."

सुकन्या पळत ओसरीवर आली. दामिनीताई पायरीवर बसल्या होत्या आणि त्यांचा चेहरा बरा नव्हता.

"वादळाचा इशारा आहे," त्या म्हणाल्या. "वेधशाळेनं बोटी बाहेर काढू नका म्हटलंय. नवरा रात्रीपासून जाळी सोडवून बसलाय. पहिली बोट गेल्याशिवाय दर्या उघडत नाही. चार दिवस तरी नाही."

चार दिवस. सुकन्यानं मागं वळून खोलीच्या दाराकडं पाहिलं. मल्लिनाथ म्हणाला, सरळ पणजीच्या दवाखान्यात नेऊ, सलाइन लावू, नंतर काय ते पाया पडू. आतून शांतम्मांचा आवाज आला, "मला ऐकू येतं, मल्ल्या. हात लावून बघ."

सगळ्यांनी मलप्पांकडं पाहिलं. ते पावसात उभे होते. समोर समुद्र लाटांवर लाटा आणून टाकत होता आणि त्यांचं तिकडं लक्ष नव्हतं. ते पुटपुटत होते. मग एकदम वळले.

"दुष्काळात," ते म्हणाले, "पाडव्याला मोंढ्यात एक पोतं आलं नव्हतं. मुहूर्ताचा सौदा तर झाला पायजे, न्हाई तर बाजार उघडत न्हाई. तवा आम्ही काय केलं? घरातली पसाभर जवारी आनली. दस्तीखाली बोटं लावली, भाव बोलला, बाजार उघडला. माल किती ते कुणी बघत न्हाई. सौदा व्हावा लागतो."

दस्ती म्हणजे रुमाल. पूर्वी धान्याचा भाव तोंडानं बोलत नसत. घेणारा आणि विकणारा रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव सांगत, म्हणजे तिसऱ्याला कळू नये. हे सगळं मलप्पांनी दामिनीताईंना पावसात उभं राहून समजावलं.

"पण सौदा कशाचा?" दामिनीताई म्हणाल्या. "तुम्ही मासे खात नाही."

"तांब्याभर पानी."

"दर्याचं पाणी विकू? ते काय माझं आहे?"

"बाई," मलप्पा म्हणाले, "मी बेचाळीस वर्षं धान्य विकायलाव. त्यातलं माझं किती होतं? आडत्याचं काही नसतं. तो नुसता बोलतो."

दामिनीताईंनी आतल्या अंधारात वाकून आपल्या सासऱ्यांना विचारलं, असा दर्या उघडता येईल काय. म्हातारा बराच वेळ खोकला. मग हो म्हणाला.

मल्लिनाथ तांब्या घेऊन किनाऱ्याला गेला. लाल बावट्याखाली उभ्या असलेल्या जीवरक्षकानं शिट्टी मारली, मल्लिनाथनं तांब्या दाखवला, त्यानं आणखी जोरात मारली. तिसऱ्या शिट्टीला तांब्या भरला.

पुन्हा चादर धरली गेली. शांतम्मा ओसरीच्या कडेला पाटावर बसल्या, पुढं तांब्या, त्यापुढं चादर. दामिनीताई चादरीच्या अलीकडं येऊन बसल्या. मलप्पांनी खिशातली दस्ती काढली आणि मग ते अडकले. परक्या बाईच्या बोटांना बोट लावायचं, तेही रुमालाखाली, तेही बायकोसमोर. हा भाग त्यांनी धरला नव्हता.

"आना इकडं," शांतम्मा म्हणाल्या.

"तुला काय येतंय?"

"बेचाळीस वर्षं झोपंत माझ्या हातावर भाव बोलायलाव तुम्ही. आना."

त्यांनी दस्ती ओढून घेतली, दामिनीताईंच्या हातावर टाकली आणि आपला हात खाली घातला. दस्ती हलली. दामिनीताईंनी मान नाही म्हणून हलवली. दस्ती पुन्हा हलली, अंगठ्याच्या बाजूला, मग करंगळीच्या. मलप्पा ओळखायला धडपडत होते आणि त्यांना काही कळत नव्हतं. जन्मभर दुसऱ्यांपासून भाव लपवलेल्या माणसाच्या नाकासमोर त्याच्याच बायकोनं भाव लपवला होता, आणि तो तिच्याकडं असा बघत होता, जसा मोंढ्यात पहिल्या दिवशी आलेला उमेदवार जुन्या आडत्याकडं बघतो.

दामिनीताई आधी हसल्या. मग हसायच्या थांबल्या. मग म्हणाल्या, "झाला."

"उघडला म्हण, बाई," मलप्पा म्हणाले. "तोंडानं म्हण."

दामिनीताईंनी समुद्राकडं तोंड केलं आणि हात जोडले. "उघडला रे!"

चादर खाली पडली.

शांतम्मांनी कॅलेंडरवरचा समुद्र पाहिला होता, निळा, खाली तारखा असलेला. हा तसा नव्हता. काळपट होता, मातकट होता, आभाळापर्यंत गेला होता आणि आभाळ कुठं लागतं ते सांगत नव्हता. लाटेमागून लाट उठत होती, फुटत होती, पांढरी होऊन आडवी पडत होती. त्या बघत राहिल्या. सुकन्यानं हातात मिठाची चिमूट धरली होती, पण पुढं करायचा धीर तिला होईना.

"नांगरल्यावानी दिसायलंय," अखेर शांतम्मा म्हणाल्या. "काळं रान नांगरून पडल्यावानी. आन नांगरणारा अजून थांबलाच न्हाई."

मग त्यांनीच हात पुढं केला. मीठ जिभेवर ठेवलं. तोंड आंबट झाल्यासारखं वाकडं केलं, डोळे मिटले. "खारट हाय," त्या म्हणाल्या, आणि सगळ्यांना रडू आलं. मीठ खारट आहे यावर इतकी माणसं एकदम रडल्याची नोंद त्या किनाऱ्यावर नसावी.

दामिनीताईंनी तांदळाची गरम पेज आणली, मीठ घातलेली. शांतम्मांनी एक वाटी घेतली, दुसरी घेतली. तिसऱ्या वाटीला ओठांवर रंग आला, आणि चौथीला त्यांनी पेजेत अजून काय घातलं तर बरी लागेल हे सांगायला सुरुवात केली. सुकन्यानं डॉक्टरांना फोन लावून कळवलं. त्यांनी संध्याकाळी पुन्हा रक्त तपासायला सांगितलं, आणि मग विचारलं, "कसा आहे?" सुकन्याला आधी वाटलं अशक्तपणाबद्दल विचारताहेत.

पाऊस थोडा उतरला तशा शांतम्मा उठून ओसरीच्या खालच्या पायरीवर जाऊन बसल्या. थोड्या वेळानं मलप्पा चपला काढून त्यांच्या शेजारी टेकले. समोर लाटा येत होत्या. एक आली, फुटली, तिच्या मागं दुसरी, तिच्या मागं मोजता येणार नाहीत इतक्या.

"काय आवक हाय," मलप्पा हळूच म्हणाले. "आन उचलनारा कुणी न्हाई."

एवढा माल समोर येऊन पडत होता आणि त्यांनी कशाचाच भाव विचारला नाही. दोघं नुसते बसले. तुषार अंगावर येत होते. शांतम्मांच्या कपाळावरचं भस्म ओघळलं होतं, आणि मलप्पांनी ते दस्तीच्या कोपऱ्यानं टिपलं. घरी असं काही केलेलं सुकन्यानं कधी पाहिलं नव्हतं. ती मुद्दाम दुसरीकडं बघू लागली, आणि तिथंही समुद्रच होता.

दुपार कलली. मल्लिनाथनं गाडीची किल्ली खुळखुळवली, घसा खाकरला.

"अव्वा, पणजीला डॉक्टराकडं जायचंय. निघायचं का?"

शांतम्मांनी मान वळवली नाही.

"डॉक्टराला इकडं बोलव," त्या म्हणाल्या.